तीन अक्षरांचा प्रश्न

मला बोलायला आवडतं. बडोद्याला गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा, सांगतील, की शुभदाबेनला ‘केम छो’ म्हणायचं असेल तर हातात वेळ ठेवून म्हणा. गणित शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. अशा बाईचा आवाज एके दिवशी काढून घेतला, हात काढून घेतले, पाय काढून घेतले आणि डोकं मात्र जागच्या जागी ठेवलं, तर काय होतं ते मी लिहिते आहे. ज्यांच्या घरचं माणूस आज नळ्यांच्या जंजाळात पडलंय आणि ‘त्याला काही कळतं का हो?’ असा प्रश्न ज्यांना पडलाय, त्यांच्यासाठी लिहिते आहे. कळतं. सगळं कळतं.

हातोडी

सुरुवात अगदी पोरकट होती. पोट बिघडलं, ताकभातावर काढलं, बरी झाले. पुढे काही दिवसांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मी तशीच पुढे चालायची. शेजारीण ओरडायची, “बेन, चंपल रही गई!” आम्ही दोघी हसायचो. मग एक दिवस फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. मुलांना वाटलं बाई गंमत करतायत. संध्याकाळी घराचा जिना चढता येईना आणि दुसऱ्या सकाळी अंथरुणातून उठता येईना.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडायला हवा, एवढं मला माहीत होतं. उडाला नाही. दुसरा गुडघा, तोही नाही. डॉक्टर भले होते, पण हातोडी खिशात ठेवताना त्यांनी माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं. म्हणाले, याला जी.बी.एस. म्हणतात, शरीराची फौज आपल्याच नसांवर उलटते. बहुतेक लोक बरे होतात, पण आधी सगळं खाली जातं आणि मग वर येतं. किती खाली, ते आत्ता सांगता येत नाही.

‘हे’ म्हणजे माझे यजमान. नाव श्रीकांत. कागदावर लिहायला काही वाटत नाही, पण तोंडाने मी ते कधी घेतलेलं नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आमच्या मुलीला, मुग्धाला, हे फार मागासलेलं वाटतं. असेल. सवय आहे. हे वाघोडियाच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, हृदयात एक स्टेंट आहे, आणि बोलण्याच्या बाबतीत माझ्या अगदी उलट. सरळ विचारायची गोष्टसुद्धा हे वळसा घालून विचारतात. ‘चहा दे’ म्हणणार नाहीत, ‘आज चहा नाही वाटतं’ म्हणतील.

नको

आयसीयूत डॉक्टर एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. गणिताची बाई, आणि आकडे पुरे होईनात. दर खेपेला थोडे कमी. शेवटी ते ह्यांना म्हणाले, आता यंत्र लावावं लागेल, थांबण्यात अर्थ नाही.

मी मान हलवली. नको. माझ्या डोक्यात ते यंत्र म्हणजे शेवट होता. जी जी माणसं त्याला जोडलेली मी पाहिली होती, त्यातलं परत आलेलं एकही आठवत नव्हतं. “नको,” मी म्हणाले, आवाज निघाला तेवढ्यात म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि सही केली.

बरोबर केलं. आज मी ते छातीठोकपणे सांगते, कारण सही केली नसती तर हे लिहायला मी नसते. पण तेव्हा मला राग आला होता आणि तो माझ्या चेहऱ्यावर ह्यांना दिसला होता. त्यानंतर चेहराही गेला.

छत

जाग आली तेव्हा वर छताचे पांढरे चौकोन होते. एका चौकोनावर पाणी झिरपून पिवळा डाग पडला होता. पुढे कितीतरी दिवस तो डाग माझं जग होता.

मला काय काय करता येत नव्हतं ते सांगण्यापेक्षा काय येत होतं ते सांगते, पटकन होईल. डोळ्यांची बुबुळं हलवता येत होती. संपलं. पापण्यासुद्धा मिटत नव्हत्या. झोपवताना सिस्टर त्यावर मलम घालून चिकटपट्टी लावायच्या आणि उठवताना काढायच्या. म्हणजे अंधार हवा की उजेड, हेसुद्धा दुसऱ्याच्या हातात. तोंडात नळी, नाकात नळी, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली. माझा श्वास मी घेत नव्हते, तो मला दिला जात होता, आणि मधेच एखादा खोल घ्यावासा वाटला तरी घेता येत नव्हता.

वेदना होत्या, पण वेदनांपेक्षा नाकाच्या शेंड्याला सुटलेली खाज वाईट. हसू नका. एकदा ती सुटली आणि मी मनातल्या मनात ओरडले, गयावया केली, देवाला नवस बोलले. शेजारी दोन सिस्टर उभ्या होत्या, माझ्या अंगावरून हात ओलांडून एकमेकींना काहीतरी देत होत्या. कोणालाच कळलं नाही. खाज आपोआप थांबली तेव्हा मला समजलं की मी पुरली गेले आहे, फक्त माती टाकायची राहिली आहे. शाळेत, घरात, बाजारात ज्या बाईला कोणी गप्प करू शकलं नाही, ती बाई आत बसून दार बडवत होती आणि बाहेर ठक्कसुद्धा ऐकू जात नव्हतं.

हेतल

हेतल सिस्टर वेगळी होती हे मला तिच्या हातांवरून आधी कळलं. नळीतून कफ ओढून काढतात, तो प्रकार भयंकर असतो, जीव गुदमरतो. बाकीच्या येऊन सरळ सुरू करायच्या. त्यांचंही खरं, खाटा जास्त आणि हात कमी. हेतल आधी माझ्या कपाळावर हात ठेवायची. “मासी, हवे उधरस आवशे. गभराशो नहीं, हुं अहीं ज छुं.” आता खोकला येईल, घाबरू नका, मी इथेच आहे. गुदमरायला तर तेवढंच व्हायचं, पण एकटीने नाही.

ती मला वार सांगायची. भाजी काय केली ते सांगायची. सासू वांग्यात गूळ घालते यावरून तिची तक्रार होती. केस विंचरून वेणी घालायची, आणि एकदा वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन म्हणाली, “हवे सारां लागो छो.” छान दिसतेस म्हणे! मी, नाकात नळी असलेली. मला आतल्या आत हसू आलं आणि बहुतेक ते डोळ्यांत उतरलं असावं, कारण ती थबकली. वाकून अगदी जवळ आली.

“मासी, तमे मने सांभळो छो? हा होय तो उपर जुओ.”

ऐकू येत असेल तर वर बघा. मी वर पाहिलं. इतकं जोरात पाहिलं की डोळे दुखले.

आधी तिने माझ्या डोळ्यांतून वाहिलेलं पाणी पुसलं, मग आपले. मग आमचं ठरलं, वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. डॉक्टर आले तेव्हा तिने त्यांना ते करून दाखवलं. तेव्हापासून माझ्या खाटेशी कोणी गप्पा मारत उभं राहिलं की ती दटावायची, “धीमे बोलो, मासी बधुं सांभळे छे.” गुजरातीत सांभळवुं म्हणजे ऐकणं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण पडल्या पडल्या कान मराठीच झाले होते. मासी सगळं सांभाळते, असं मला ऐकू यायचं, आणि बरं वाटायचं.

येऊ नको ना

भेटीच्या वेळेला एकालाच आत सोडायचे. मुग्धाने येऊन वर-खालीची युक्ती शिकून घेतली, खाली जाऊन बाबांना सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी हे आले.

खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, “मी आलो की तुला त्रास होत असेल. मी येऊ नको ना?”

मी खाली पाहिलं. नाही! असलं काही बोलू नका, या, रोज या, उभे राहा नुसते! एवढं सगळं मी त्या एका नजरेत कोंबलं. त्यांनी मान हलवली, “बरं,” म्हणाले आणि गेले.

नंतर आलेच नाहीत.

मुग्धा यायची. मी डोळ्यांनी दाराकडे बघायची. ती म्हणायची, “बाबा बरे आहेत ने, खालीच बसलेत. येतील उद्या.” आणि पटकन विषय बदलायची, आणि बदलताना माझ्याकडे बघायची नाही.

आता हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. सासूबाई कंबरेचं हाड मोडून रुग्णालयात होत्या तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ गेला. आम्ही सगळ्यांनी मिळून ते लपवलं. रोज सांगायचो, “मामा बरे आहेत. येतील उद्या.” सगळ्या घरांत लपवतात, आजारी माणसाला धक्का बसू नये म्हणून. शब्दन् शब्द तोच. हे गेले, असं माझ्या मनाने घेतलं. त्या स्टेंटने दगा दिला, सगळं आटोपलं, पोरीने एकटीने केलं, आणि आता ती कोऱ्या चेहऱ्याने येऊन मला भाजी-आमटीच्या गोष्टी सांगते आहे.

ते दिवस मी कोणालाही चिंतणार नाही. माणूस गेल्याचं रडू येतं तेव्हा निदान ऊर बडवता येतो, कोणाच्या गळ्यात पडता येतं. मी छताच्या डागाकडे बघत विधवा झाले. यंत्र मला श्वास देत होतं आणि मला तो नको होता. आणि ‘नको’ म्हणायची सोयही नव्हती.

न नळनो न

बारीकसारीक गोष्टींसाठी हेतलने मुळाक्षरांची युक्ती काढली होती. ती म्हणत जायची, हवं ते अक्षर आलं की मी वर बघायची. खाज, उशी, पाय, असे शब्द आम्ही जमवायचो. तेव्हा ठरवलं, आज विचारायचंच. नाव सांगायचं तर पहिलंच अक्षर ‘श्री’, जोडाक्षर, आणि जन्मात न घेतलेलं नाव आत्ता घ्यायला मन धजेना. अपशकुन वाटला. म्हणून दुसरा शब्द धरला.

“क कमळनो क,” ती शाळेतल्यासारखी सुरू झाली. त वर्ग आला. “न नळनो न?” वर. पुन्हा पहिल्यापासून. “व वहाणनो व?” वर. “र?” वर. काना? वर.

“न, व, रा,” तिने जुळवलं. “नवरा? कोण नवरुं छे अहीं, मासी? सवारथी बेठी पण नथी!” सकाळपासून टेकलेसुद्धा नाही म्हणे. आणि पलीकडच्या सिस्टरला हसत म्हणाली, “सांभळ्युं? मासी पूछे छे, कोण नवरुं छे!”

बडोद्यात वाढलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हा विनोद ऐकलेला असतो. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामटेकडा. आमच्याकडे लग्नात कोणीतरी हमखास विचारतंच, “नवरा नवरा आहे का?” आणि सगळे हमखास हसतात. मीही वर्षानुवर्षं हसत आले. जन्मभर गुजरातीत भाजी घेतली, गुजराती पालकांशी भांडले, पण जिवावर आलं तेव्हा डोक्यात उगवला तो शब्द मराठी, आणि तोही नेमका हा. मी विचारत होते, माझा माणूस जिवंत आहे का, आणि ऐकणारीला वाटत होतं, मी विचारतेय, इथे रिकामं कोण आहे.

मी खाली पाहिलं. खाली, खाली, खाली. तिला कळेना. “पाणी? दुखे छे? ओशीकुं?” उशीही नको होती. खाली. तिची पाळी संपत आली होती, दुसऱ्या खाटेवरून हाक आली. तिने माझा गाल पुसला आणि गेली. मी पट्टी लावायच्या आधीच मनाने डोळे मिटून घेतले.

दुपार कलली असेल. अचानक पावलं वाजली. हेतल होती, पण गणवेशात नाही, पंजाबी ड्रेसमध्ये, हातात हेल्मेट, धापा टाकत.

“मासी! नवरा एटले मिस्टर! तमारा मराठीमां! काकानुं पूछतां हतां ने?”

वर.

गोत्री रस्त्याच्या सिग्नलला उभी असताना तिला तिच्या सोसायटीतलं एक मराठी लग्न आठवलं होतं. तिथे सगळे नवरा-नवरी, नवरा-नवरी करत होते. तिने स्कूटी तिथूनच वळवली. घरी तिचं लहान मूल वाट बघत असायचं, हे तिनेच मला सांगितलं होतं.

“काका आवता नथी एटले?” वर. तिने माझ्याकडे नीट बघितलं. पुढचा प्रश्न विचारायला तिला जड गेला असणार, पण तिने तो सरळ विचारला. “तमने एवुं लागे छे के काका नथी रह्या?”

मी वर पाहिलं.

“अरे मारी मा,” ती म्हणाली आणि धावत सुटली.

सरळ प्रश्न

हे खालीच होते. मुग्धा अक्षरशः खरं बोलत होती. सकाळी येऊन खालच्या बाकावर बसायचे, संध्याकाळी घरी जायचे. वर मात्र येत नव्हते, कारण त्यांनी विचारलं होतं, ‘येऊ नको ना?’ आणि मी सांगितलं होतं, ‘नाही’. नाही, येऊ नकोस. असा त्यांनी अर्थ लावला. सही केली म्हणून मी रागावले आहे, तोंड बघायचं नाही मला त्यांचं. मुग्धाला म्हणाले, तिला माझं काही सांगू नकोस, तिचा संताप वाढेल. पोरगी बिचारी दोघांच्या मध्ये अडकली. शाळेत एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला उभं केलं असतं, की बाबा रे, ह्याचं उत्तर हो दिलं काय आणि नाही दिलं काय, कळणार काय?

भेटीची वेळ नव्हती. हेतल मुख्य सिस्टरांशी काय बोलली मला माहीत नाही, पण ती ह्यांचा हात धरून, खरोखर मनगटाला धरून, त्यांना आत घेऊन आली.

“काका, मासीने सीधो सवाल पूछवानो. एक वारमां एक ज.” मासींना सरळ प्रश्न विचारायचा, एका वेळी एकच.

हे खाटेच्या डोक्याशी आले. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी वळसा घातला नाही.

“रागावली आहेस?”

खाली.

“मी रोज येऊ?”

वर. वर. वर.

मग त्यांनी माझ्या कपाळावर कपाळ टेकलं. मला त्यांना धरता येत नव्हतं, हुंदका देता येत नव्हता, यंत्र आपल्या तालात श्वास देत राहिलं. त्यांचं रडणं मात्र माझ्या कपाळावर मला कळत होतं. हेतलने पडदा ओढला आणि बाहेर कोणाला तरी सांगितलं, “पांच मिनिट. कोई नहीं आवे.”

म्हणून माझं एवढंच सांगणं. खाटेवरच्या माणसाशी बोला, ते निपचित दिसलं तरी बोला. घरात काय चाललंय ते खरं सांगा, कारण तिथे पडून माणूस खऱ्यापेक्षा वाईटच कल्पना करतं. आणि प्रश्न विचाराल तर असा विचारा, की ‘नाही’ म्हटलं तर त्याचे दोन अर्थ निघणार नाहीत.

बाहेर

तिथून बाहेर पडायला पुष्कळ दिवस गेले. गळ्याला भोक पाडलं, मग ते बुजवलं. आधी खांदा हलला, मग बोटं, मग एके दिवशी पापण्या आपल्या आपण मिटल्या आणि मी नुसती उघडझाप करत बसले. मधल्या काळात घाबरायचे दिवस आलेच, ताप आला, यंत्र काढून पुन्हा लावावं लागलं. हेतलची बदली दुसऱ्या विभागात झाली आणि मला खालच्या मजल्यावर हलवलं, त्यामुळे निरोपही घेता आला नाही. घरी आले ती चाकाच्या खुर्चीतून. वॉकर, मग काठी.

काठीवर आले तेव्हा ह्यांना म्हटलं, चला. लीला चेवड्याचा, म्हणजे बडोद्याच्या ओलसर चिवड्याचा, डबा घेतला आणि आम्ही दोघं रुग्णालयात गेलो. हेतल परत आयसीयूत आली होती. मी वाटेत रिक्षात गुजरातीतून चांगलं भाषण जुळवलं होतं. दार अर्धवट उघडून ती बाहेर डोकावली, घाईत, हातमोजे घातलेले.

“कोनुं काम छे?”

“हेतलबेन, हुं शुभदा,” मी म्हटलं. “ओळखी?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. उभी असलेली मी तिने कधी पाहिलीच नव्हती. मग तिचा हात तोंडावर गेला.

“मासी! तमारो अवाज आवो छे?” ती म्हणाली. “में तो झीणो धार्यो हतो. बहु झीणो, मीठो.”

मला वाटलं होतं तुमचा आवाज बारीक असेल. माझं सगळं भाषण जागच्या जागी राहिलं. त्या सगळ्या दिवसांत ती एकटीच बोलत होती असं मला वाटत होतं. तिच्या कानांत मात्र मी उत्तरं देत होते.

“झीणो? हिचा?” हे म्हणाले, आणि तिघंही हसायला लागलो, आणि मग हे हसता हसता हात जोडून उभे राहिले. तिने हातमोजे काढून त्यांचे हात खाली केले. डबा घेतला, मला मिठी मारली, काठीसकट.

आत कुठलंतरी यंत्र वाजलं. ती वळली. दार हळूहळू मिटत होतं, आणि मिटता मिटता मला दिसलं, माझ्या जुन्या जागेवर कोणी म्हातारे गृहस्थ होते, तोंडात नळी, डोळे छताकडे. ती त्यांच्यावर वाकली.

“आवी गई, काका,” ती म्हणत होती. “बोलो.”